पालकांच्या विनंतीवरून

परवाच्या २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. निवृत्त होऊन सतरा वर्षं उलटली तरी मी 'आमची शाळा' असंच म्हणतो आणि शाळाही अजून माझ्यासाठी पहिल्या रांगेत एक प्लास्टिकची खुर्ची ठेवते. मुलांनी राज्यघटनेची उद्देशिका म्हटली. सगळ्यांना पाठ होती, एका सुरात, कवायतीसारखी. 'बंधुता' या शब्दावर आवाज छान चढला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या गावकीचे एक पंच बसले होते. त्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात त्याच पंचांच्या बैठकीत गावातल्या एका घराशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं. देवळाच्या सभामंडपासाठी घरटी अकरा हजार रुपये वर्गणी लागली होती. या घरानं पाच हजार दिले आणि मागच्या खर्चाचा हिशोब बघून उरलेले देतो म्हणून सांगितलं. एवढाच गुन्हा. किराणा दुकानदाराला निरोप गेला, गिरणीवाल्याला गेला, दूध घालणाऱ्यालाही गेला. बैठकीला मी होतो. कोपऱ्यात बसलो होतो. चहा आला तो प्यायलो आणि घरी आलो.

पुण्या-मुंबईच्या आणि त्याहून लांबच्या वाचकांना गावकी म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. आमच्या रायगडच्या किनारपट्टीवर ग्रामपंचायत असते तशी गावकीही असते. ग्रामपंचायत सरकारी, तिला दप्तर आहे, शिक्का आहे, ऑडिट आहे. गावकीकडे यातलं काही नाही. तिच्याकडे देवळाचा ओटा आहे आणि वाळीत टाकायचा अधिकार आहे. म्हणजे तो तिला कुणी दिलेला नाही, पण आहे. पालखी कुणाच्या दारी थांबेल, होळीचा मान कुणाचा, लग्नात भांडी कुणाला मिळतील, मयताला खांदा द्यायला कोण येईल, हे सगळं तिथं ठरतं. बायका त्या बैठकीला नसतात. (आमची ही म्हणते, म्हणूनच तिथं इतका वेळ लागतो.)

ही गावकी मुळात वाईट हेतूनं जन्मली असं मला वाटत नाही. आमचा खारेपाट म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. मातीचे बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून सोडायचं आणि आत भात पिकवायचं. उधाणाला बांधाला खांड गेली की रात्र म्हणायची नाही, घरातला एकेक गडी बांधावर हवा. या सामुदायिक राबण्याला आमच्याकडे जोळ म्हणायचे. एक घर जरी आलं नाही आणि त्याच्या वाट्याचा बांध फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीन पीक देत नाही. अशा वेळी कामचुकाराला शिक्षा काय करणार? तुरुंग नाही, पोलीस नाही. मग त्याच्याशी बोलणं बंद. आजोबांच्या तोंडून हे ऐकताना त्यात मला अन्याय दिसला नव्हता, आजही दिसत नाही.

याच एकीनं आमच्या तालुक्यानं मोठं कामही केलं. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांच्या जमिनी पिकवायच्याच नाहीत असं ठरलं. नारायण नागू पाटील पुढारी होते. पंचवीस गावं संपात होती आणि संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओसाड. लोक लाकूडफाटा विकून, मासळीवर, मिळेल त्या मजुरीवर जगले. डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन गेले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. पुढे कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, त्यामागे या सहा वर्षांची भूक आहे. पंचवीस गावांची एकी सहा वर्षं नुसत्या भाषणांवर टिकत नाही. जो फुटेल त्याला गाव तोंड दाखवू देणार नाही, हा धाकही त्यात होताच. हे मी शाळेत शिकवताना गाळत असे. संपाचा धडा सांगताना मुलांचे डोळे चमकायचे, ते मला मोडवत नसे.

पण बांधाचं काम सरकारनं आपल्याकडे घेतलं. आधी १९४८ चा कायदा आला, मग १९७९ चा खारजमीन विकास कायदा. त्याच्या कार्यालयाकडे अर्ज करायचे आणि वाट बघायची, असं सुरू झालं. जोळ बंद पडले. आता उधाण आलं तर बांधावर कुणी धावत नाही, लोक मोबाईलवर फोटो काढतात. ज्या कामासाठी गावानं तो चाबूक हातात घेतला होता ते काम गेलं. चाबूक मात्र देवळाच्या ओट्यावर तसाच राहिला आणि ज्याचा हात रिकामा तो तो उचलायला लागला.

आता मूळ गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आणि इकडेतिकडे फिरतो आहे हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

१९९६ साल. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. गावकीनं ठरवलं की यंदा बिनविरोध. नावंही ओट्यावरच ठरली. बिनविरोध म्हटलं की आपल्याकडे किती कौतुक होतं! वर्तमानपत्रात बातमी येते, आमदार सत्कार करतात. कुणी कुणाला विरोध केला नाही म्हणजे गाव शहाणं, अशी आपली समजूत. आमच्याच वाडीतल्या एका माणसानं अर्ज भरला. गवंडीकाम करायचा, फार बोलका नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की आमच्या आळीत नळ आला नाही, मी उभा राहून बघतो. त्याला बोलावून अर्ज मागे घ्यायला सांगितलं, तो नाही म्हणाला. निवडणूक झाली. त्याला अकरा मतं पडली.

प्रभाग लहान. त्याच्या घरची मतं चार. म्हणजे सात मतं बाहेरची. ही सात कुणाची, याचा शोध सुरू झाला. देवळात बैठक बोलावली. देवासमोर नारळ ठेवला आणि एकेका कर्त्या पुरुषानं त्यावर हात ठेवून सांगायचं, मी त्याला मत दिलेलं नाही.

त्या सातांत एक मत माझं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तेव्हा हिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

माझा नंबर आला. मी पुढे झालो, नारळावर हात ठेवला आणि सांगितलं. आवाजही कापला नाही. वर्गात बोलण्याची सवय असते ना. त्या दिवशी कुणीच पुढे येऊन कबूल केलं नाही, म्हणजे माझ्यासारखे आणखी सहा जण त्या रांगेत होते. ते कोण हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांनाही माझं कळलेलं नसणार. सात माणसं एका विचाराची, एका देवळात, एकाच वेळी हजर, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच आहोत.

त्या कुटुंबाला वाळीत टाकलं. बोलणाऱ्याला पाचशे एक रुपये दंड. मला पगार होता, पाचशे एक मला जड नव्हते. पण पुढच्या मे महिन्यात मुलीचं लग्न होतं. मांडव कोण घालणार, पंगतीला कोण येणार, व्याही काय म्हणतील, हे गणित मी केलं. भ्यालो असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मी हिशोब केला होता आणि हिशोबात ते घर स्वस्त पडलं.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, नववीत. मी मराठी आणि इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत असे. त्याच्या बाकावर कुणी बसेना. मला दिसत होतं. मी बाकांची रचना बदलली आणि त्याला पहिल्या बाकावर एकट्याला बसवलं, वर म्हणालो, "नीट दिसेल तुला." सहामाही परीक्षेत प्रश्न होता, नागरिकांचे मूलभूत हक्क लिहा. त्यानं लिहिले. समता, स्वातंत्र्य, शोषणाविरुद्धचा हक्क, सगळे, मी फळ्यावर लिहून दिले होते त्याच क्रमानं. अक्षर सुरेख. कुठं एक खोचक ओळ नाही, तक्रार नाही. मी पाचपैकी पाच गुण दिले. संध्याकाळी त्याचे वडील रस्त्यात समोरून आले, तेव्हा मी सायकलची चेन बघायला खाली वाकलो.

दिवाळीनंतर त्याची आई शाळेत आली. दाखला हवा होता, पनवेलला भावाकडे जातोय म्हणाली. मी वर्गशिक्षक, दाखला मीच भरला. त्यात एक रकाना असतो: शाळा सोडल्याचे कारण. बाई समोर उभ्या. मी दौतीत टाक बुडवावा तसा पेन जरा वेळ हातात धरला आणि मग शेकडो दाखल्यांवर लिहिलं होतं तेच लिहिलं. "पालकांच्या विनंतीवरून." मुख्याध्यापकांनी सही केली. बाईंनी दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि मला नमस्कार केला.

तेव्हा कायदा नव्हता, ही सबब मी पुष्कळ वर्षं वापरली. सबब अगदीच खोटी नाही. मुंबई प्रांतात बहिष्काराविरुद्ध १९४९ साली कायदा झाला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार पाहण्याचं स्वातंत्र्य आहे म्हणून. पुढची पन्नासहून अधिक वर्षं या विषयावर सरळ असा कायदाच नव्हता. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली आणि त्याच महिन्यात, २० ऑगस्टला, त्यांचा खून झाला. त्यांच्या कार्यकर्त्यांनी काम सोडलं नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत वर्तमानपत्रांत वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक यायला लागल्या आणि त्यांत आमच्या रायगडचं नाव वारंवार असे. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, म्हणून आपण पाठही थोपटून घेतली.

कायदा झाला म्हणजे काय होतं हे आमच्याच जिल्ह्यातल्या महाडला विचारावं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं १९२३ साली मंजूर केला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला आणि तीन वर्षं कुणी तळ्यावर गेलं नाही. जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. मग काय झालं? लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं शुद्धीकरण झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. म्हणजे कागदावर होता तोवर ठराव कुणाला खुपत नव्हता! खटला चालत चालत उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्या लढ्यात सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधरपंत सहस्रबुद्धे होते. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली माणसं, आपल्याच लोकांचा रोष अंगावर घेऊन उभी राहिलेली. वर्गात मी ही नावं फळ्यावर लिहीत असे, खाली रेघ मारून.

आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर टीव्हीच्या बातम्यांची चर्चा होते. आफ्रिकेतल्या कुठल्या देशाची निवडणूक दाखवली की कुणीतरी म्हणतोच, "तिथं कसली आलीय लोकशाही, टोळ्यांचं राज्य ते! जमातीचा मुखिया सांगेल तिकडं मतं." सगळे हसतात. मी एकदा म्हटलं, अहो, घाना आपल्यानंतर दहा वर्षांनी, १९५७ ला स्वतंत्र झाला. मधे लष्करशहाही येऊन गेले. पण २००१ साली तिथं निवडणूक हरलेल्या पक्षानं जिंकलेल्यांच्या हाती सत्ता सुखरूप दिली आणि ते वळण पुढंही टिकलं. आणि आपल्या वाडीचं मतदान गेल्या खेपेला कसं ठरलं? उमेदवार ओट्यावर आला, सभामंडपाची फरशी कबूल केली आणि सगळी मतं एकगठ्ठा गेली. यावर कुणी हसलं नाही. एकानं विषय बदलून पापलेटचा भाव काढला. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक राज्य निवडणूक आयोगानं रद्द केली, कारण पदांचा लिलाव झाला होता. तेव्हा कट्ट्यावर खूप हळहळ झाली. लोकशाही बाजारात मांडली म्हणे! आमच्याकडे लिलाव होत नाही हे खरं. आमच्याकडे अजून फरशीवर भागतं.

माझा जन्म १९५० चा. प्रजासत्ताक आणि मी एका वर्षाचे. आपली लोकशाही अजून लहान आहे, शिकेल हळूहळू, असं मी भाषणांत म्हणत असे. ते म्हणायला आता तोंड उरलेलं नाही, गुडघे दुखायला लागले. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात मात्र विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारीपासून पाऊल टाकतो आहोत. मोठ्या माणसाच्या मोठ्या वाक्यात आपण कुठे बसतो हे आपल्याला दिसत नाही. मला ते नारळावर हात ठेवताना दिसायला हवं होतं. मताची पेटी गुप्त ठेवायची सोय कायद्यानं केली. देवळात उघड खोटं बोलायची सोय माझी मीच केली.

आणखी एक सांगायचं राहिलं. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली तेव्हा आमच्याही गावाच्या वेशीवर पाटी लागली. तंटा नव्हताच, जे तंटा करू शकले असते ते पनवेलला गेले होते. तो मुलगा मला एकदाच भेटला, अलिबागच्या एसटी स्टँडवर. पुरुषभर उंच झालेला, सोबत बायको आणि लहान पोर. भर गर्दीत पाया पडला. चौकशी केली, मी निवृत्त झालो का, तब्येत कशी. वडील गेले म्हणाला. मी 'अरे अरे' म्हणालो. गाडी लागली, तो गेला. त्यानं तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

तर परवाची गोष्ट. झेंडावंदनाच्या रात्री हिशोब मागणाऱ्या घरातला मुलगा मागल्या दारानं आला. कायद्याची माहिती त्याला माझ्यापेक्षा जास्त होती, मोबाईलमध्ये सगळं काढून आणलं होतं. म्हणाला, "सर, तक्रार देतोय. पन साक्षीला कोनी नाय. बैठकीला तुमी होतात." मी विचार करून सांगतो म्हटलं. ही आतून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "मुलं ठाण्याला. तुमच्यामागं मला इथंच राहायचंय." तिचं म्हणणं चूक नाही. तिचा नवरा उद्या गेला तर चार खांदे याच गावातून यायचे आहेत. आणि माझी सही आज धाडसाची आहे असंही कुणी समजू नये. मुलीचं लग्न होऊन गेलं, पेन्शन बँकेत येते, माझं आता बिघडून बिघडून काय बिघडणार? तो पोरगा पस्तिशीचा आहे, त्याला इथं जन्म काढायचाय. एवढं सगळं कळत असूनही दोन रात्री झोप लागली नाही.

काल सकाळी फुलस्केप कागद घेतला आणि बैठकीत जे ऐकलं ते लिहून काढलं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, चहा कुणी आणला तेसुद्धा. कारणाच्या जागी कारण लिहिलं: हिशोब मागितला म्हणून. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण वाचता येतं. खाली सही केली.

उद्या साडेनवाच्या एसटीनं तो आणि मी अलिबागला जाणार आहोत. संध्याकाळी हिनं तांदळाचा डबा भरून दाराशी आणून ठेवला. म्हणाली, "जाताच आहात तर दळण तिकडूनच करून आणा. इथल्या गिरणीचा आता काही नेम नाही."